ऑर्म अ‍ॅव्हेन्यूपर्यंतचा माग

सोमवार : मार्केट रस्ता, सॅन फ्रान्सिस्को

खासगी गुप्तहेराची जी मूर्ती वाचकांच्या मनात पक्की झाली आहे, म्हणजे भाड्याची एक खोली, धूळ बसलेले टेबल, पैशांची चणचण, पोलिसांशी वाकडे आणि अशिलाच्या पहिल्याच वाक्यावर अविश्वास, तिचा उगम ज्या मोजक्या इमारतींत शोधता येतो त्यांपैकी एक मार्केट आणि पॉवेल या रस्त्यांच्या कोपऱ्यावर उभी आहे. १९०४ साली बांधलेली बारा मजली फ्लड बिल्डिंग १९०६ च्या भूकंपातून आणि त्यानंतर लागलेल्या आगीतून वाचली. पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेचे शहरातले कार्यालय इथे होते आणि १९२१ च्या सुमारास डॅशिएल हॅमेट नावाचा, क्षयाने ग्रासलेला एक तरुण या कार्यालयासाठी काम करत होता. १९१५ मध्ये तो बाल्टिमोर इथे या संस्थेत दाखल झाला होता. मध्यंतरी सैन्यात जाऊन आला आणि १९२२ मध्ये प्रकृतीने साथ सोडल्यावर हे काम सोडून लिहू लागला. ‘हार्डबॉइल्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुप्तहेरकथेचा पाया ज्यांनी घातला त्यांत त्याचे नाव पहिल्या ओळीत येते.

तळमजल्यावर आता दुकाने आहेत आणि वरच्या मजल्यांवर निरनिराळ्या व्यवसायांची कार्यालये आहेत. पिंकर्टनचे हेर अशिलासाठी रोजचा अहवाल लिहीत असत. कोण किती वाजता घराबाहेर पडले, कुठल्या दुकानात शिरले, कोणाशी बोलले, याची कोरडी नोंद त्यात असे आणि हेराचे नाव सहसा येत नसे. हॅमेटच्या सुरुवातीच्या कथांचा निवेदकही निनावीच आहे. त्याची तुटक, विशेषणे टाळणारी भाषा मला नेहमी वाङ्मयीन प्रयोगापेक्षा कचेरीच्या शिस्तीची देणगी वाटत आली आहे, आणि या इमारतीच्या संगमरवरी प्रवेशदालनात उभे राहिल्यावर तो समज अधिकच घट्ट झाला.

मात्र पिंकर्टनचा उल्लेख केवळ कौतुकाने करता येत नाही. १८९२ मध्ये पेनसिल्व्हानियातल्या होमस्टेड पोलाद कारखान्याच्या संपात मालकांच्या बाजूने तीनशे पिंकर्टनवाले नदीतून तराफ्यांवर आणले गेले आणि संपकऱ्यांशी त्यांची सशस्त्र चकमक झाली. त्यानंतरही कामगार संघटनांत खोट्या नावाने माणसे घुसवणे हा या व्यवसायाचा मोठा भाग राहिला, आणि १९३० च्या दशकात सिनेटच्या ला फॉलेट समितीने तो चव्हाट्यावर आणला. कपटाचे जाळे सोडवणारा माणूस जिथून पगार घेत होता तिथेच दुसऱ्या टेबलावर जाळे विणलेही जात होते. कथेतला गुप्तहेर आपल्या अशिलावर विश्वास का ठेवत नाही, याचे उत्तर इथे सापडते.

संध्याकाळी बुश रस्त्याचा चढ चढून स्टॉकटन बोगद्याच्या माथ्यावर गेले. १९१४ साली खोदलेला हा बोगदा खालून जातो आणि त्याच्या डोक्यावर, बुश रस्त्याला लागून, बरिट रस्ता नावाची आखूड गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर एक धातूची पाटी आहे. अंदाजे या जागी अमक्या गुप्तहेराच्या भागीदाराला अमुक व्यक्तीने संपवले, असे तिच्यावर लिहिले आहे. तिघेही काल्पनिक आहेत, ते हॅमेटच्या एका कादंबरीतले आहेत, हे पाटी कुठेही सांगत नाही. त्याहून गंमत म्हणजे ज्याने कादंबरी वाचलेली नाही त्याला खुन्याचे नाव रस्त्यावर उभ्या उभ्या फुकट कळते. मी ते नाव इथे लिहिणार नाही.

मंगळवार : युनियन स्क्वेअर ते पोस्ट रस्ता

युनियन स्क्वेअरच्या पश्चिम बाजूला सेंट फ्रान्सिस हॉटेल आहे. ५ सप्टेंबर १९२१ रोजी, कामगार दिनाच्या सुट्टीत, मूकपटांतला लोकप्रिय विनोदी नट रॉस्को आर्बकल याने बाराव्या मजल्यावरच्या खोल्यांत मेजवानी दिली. तिथे आजारी पडलेली व्हर्जिनिया रॅपे ही तरुण अभिनेत्री ९ तारखेला मरण पावली आणि आर्बकलवर मनुष्यवधाचा खटला उभा राहिला. बचाव पक्षासाठी पिंकर्टनने जी चौकशी केली तिच्यात आपण होतो, असे हॅमेटने पुढे सांगितले आहे.

या प्रकरणात मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी गोष्ट अशी की ज्या बाईच्या तक्रारीवर सगळी इमारत रचली गेली, त्या मॉड डेलमाँटला सरकारी पक्षाने साक्षीच्या पिंजऱ्यात एकदाही उभे केले नाही. तिची हकिकत दर वेळी बदलत होती आणि उलटतपासणीत ती टिकणार नाही हे वकिलांना ठाऊक होते. दरम्यान वर्तमानपत्रांनी निकाल लावून टाकला होता. पहिल्या दोन खटल्यांत ज्युरीचे एकमत झाले नाही. तिसऱ्या ज्युरीने एप्रिल १९२२ मध्ये त्याला निर्दोष ठरवले आणि त्याच्यावर मोठा अन्याय झाल्याचे लेखी निवेदनही दिले. काही दिवसांतच चित्रपट व्यवसायाने त्याच्यावर बंदी घातली. मग निर्दोष सुटका या शब्दांना व्यवहारात किती किंमत उरते, हा प्रश्न त्या काळातल्या कोणत्याही तरुण हेराला पडला असणार. हार्डबॉइल्ड कथांत शेवटी खरे काय ते कळते, पण त्यामुळे फारसे काही सुधारत नाही. या हॉटेलच्या दारातून ती निराशा नीट समजते.

तिथून पोस्ट रस्त्याने पश्चिमेकडे चालत गेले. ८९१ क्रमांकाच्या इमारतीत हॅमेट १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात राहत होता आणि आपल्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांचे लेखन त्याने इथेच केले. इमारत साधी आहे, लोक राहतात, दाराशी पाटी आहे. दोन मिनिटे थांबून निघावे एवढेच.

बुधवार : एंजल आयलंड

आजचा दिवस गुप्तहेरांच्या नेहमीच्या वाटेवरचा नव्हता, परंतु तपास आणि कपट यांचा इतका काटेकोर सामना अन्यत्र क्वचितच झाला असेल. फेरी बिल्डिंगहून बोटीने उपसागरातल्या एंजल आयलंडवर गेले. १९१० ते १९४० या काळात इथे परदेशातून येणाऱ्यांना, मुख्यतः चिनी लोकांना, अडवून चौकशी करणारे केंद्र होते. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी होती. मात्र अमेरिकेत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना येता येत असे. १९०६ च्या आगीत शहराचे दफ्तर जळाले आणि आपला जन्म याच शहरातला आहे असे सांगणाऱ्याला खोटे पाडणारा कागद उरला नाही. अशा माणसाने चीनची वारी करून परतताना मुलगा झाल्याची नोंद केली की एक जागा तयार होई, आणि ती जागा दुसऱ्याच कोणाच्या मुलाला विकता येई. कागदावरचे पुत्र या नावाने हे लोक ओळखले गेले.

अधिकाऱ्यांनी यावर जो उपाय काढला तो शुद्ध गुप्तहेरी पद्धतीचा होता. मुलाला आणि तथाकथित बापाला वेगवेगळे बसवून शेकडो बारीक प्रश्न विचारायचे: गावात तुमच्या ओळीत घरे किती, दाराला पायऱ्या किती, तांदळाची कणगी कोणत्या खोलीत, आजी कधी वारली. उत्तरे जुळली नाहीत तर परत पाठवणी. म्हणून येणारी मुले जहाजावर पाठांतराच्या वह्या घोकत आणि किनारा दिसायच्या आधी त्या समुद्रात टाकून देत. यातला विरोधाभास असा की खऱ्या बापलेकांची उत्तरेही अनेकदा जुळत नसत, कारण आपल्या घराच्या पायऱ्या कोण मोजतो? उलट घोकून आलेला खोटा मुलगा बिनचूक उत्तरे देई. फार नीट जुळणाऱ्या जबानीवर अनुभवी तपासनिसाने संशय घ्यावा, हे तत्त्व कादंबऱ्यांतून आपल्याला पाठ झाले आहे. इथे ते माणसांच्या आयुष्यावर बेतत होते.

बराकीच्या लाकडी भिंतींवर अडकलेल्यांनी कोरलेल्या चिनी कविता आजही बोटांना जाणवतील अशा खोल आहेत, मात्र हात लावायला मनाई आहे. १९७० मध्ये अलेक्झांडर वाइस या उद्यानरक्षकाचे त्यांकडे लक्ष गेले, म्हणून पाडायला निघालेली इमारत वाचली. या भिंतींपुढे माझी सहानुभूती संपूर्णपणे खोटे बोलणाऱ्यांकडे गेली, आणि त्याबद्दल मला जराही संकोच वाटला नाही. कायदाच वाकडा असेल तर सरळ उत्तराची अपेक्षा कोणी कोणाकडून करायची? १९४३ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण घेतलेली खोटी आडनावे कित्येक घराण्यांना कायमची चिकटली.

गुरुवार : ओकलंड ते लॉस एंजेलिस

सकाळी ओकलंडहून कोस्ट स्टारलाइट गाडी पकडली. ती रात्री लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनात पोहोचते. दुपारनंतर कित्येक मैल रूळ प्रशांत महासागराच्या अगदी काठाने जातात, त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे.

मला लाभ झाला तो शेजारच्या प्रवाशाचा. विम्याच्या खोट्या दाव्यांचा तपास करण्यात आयुष्य घालवलेला हा निवृत्त गृहस्थ मोकळेपणाने बोलला. कॅलिफोर्नियात खासगी तपासनिसाचा परवाना हवा असेल तर सहा हजार तासांचा तपासकामाचा अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, आणि दुसऱ्याच्या नकळत खासगी संभाषण ध्वनिमुद्रित करणे हा या राज्यात गुन्हा आहे. पिस्तूल, पाठलाग, अंधाऱ्या गल्ल्या यांविषयी विचारले तेव्हा तो हसला. त्याच्या म्हणण्यानुसार त्याचा बहुतेक वेळ खरेदीखते, गहाणखते आणि न्यायालयीन फायली चाळण्यात गेला: एकच पत्ता दोन वेगळ्या कंपन्यांच्या कागदांवर दिसला, एकच साक्षीदार तीन व्यवहारांवर सही करताना आढळला, की सुटायला सुरुवात होते. पुढचे दिवस मी हेच लक्षात ठेवून फिरले.

शुक्रवार : स्प्रिंग रस्ता आणि सिटी हॉल

१९२० चे दशक लॉस एंजेलिसला तेलाचे वेड घेऊन आले. १९२१ मध्ये सिग्नल हिलला तेल लागले आणि शिक्षिका, कारकून, निवृत्त शेतकरी असे सगळेच समभाग घेऊ लागले. सी. सी. जुलियन या कॅनडातून आलेल्या गृहस्थाने वर्तमानपत्रांत गप्पा मारल्यासारख्या जाहिराती देऊन लोकांचा विश्वास कमावला आणि १९२३ मध्ये जुलियन पेट्रोलियम कंपनी काढली. पुढे कंपनी एस. सी. लुइस आणि जेकब बर्मन या जोडगोळीच्या हाती गेली आणि त्यांनी परवानगीपेक्षा लक्षावधी अधिक समभाग छापून विकले. मे १९२७ मध्ये फुगा फुटला तेव्हा सुमारे चाळीस हजार लोकांचे पैसे बुडाले. आतल्या गोटातल्या बँकवाल्यांनी आणि चित्रपटसृष्टीतल्या बड्यांनी भरमसाट व्याजाने पैसे लावून आधीच नफा काढलेला होता.

स्प्रिंग रस्त्यावरून चालताना त्या काळच्या बँकांच्या दगडी इमारती एकापाठोपाठ एक दिसतात. अनेकींच्या आता सदनिका झाल्या आहेत. मला हवी होती ती मात्र एका शिंप्याच्या दुकानाची गोष्ट. जिल्हा सरकारी वकील एसा कीज याने या खटल्यात आरोपींविरुद्ध मुद्दाम ढिलाई केली आणि आरोपी सुटले. त्याला पोहोचणारी लाच बेन गेट्झॉफ नावाच्या शिंप्याच्या दुकानातून जात होती. कोट शिवायला आलो असे सांगून कोणीही तिथे जाऊ शके. याहून निरुपद्रवी जागा कोणती? परंतु त्याच दुकानातला एक कामगार कोण आला, कोण गेला, काय बोलणे झाले, हे आपल्या वहीत टिपून ठेवत होता. ती वही हाती आल्यावर कीज १९२९ मध्ये दोषी ठरला आणि ज्या सॅन क्वेंटिन तुरुंगात त्याने आयुष्यभर इतरांना धाडले होते तिथेच स्वतः गेला. शहरातले सर्वांत बलाढ्य फौजदारी पद एका नोंदवहीने कोसळावे, ही घटना मला कोणत्याही बंदुकीच्या चकमकीपेक्षा थरारक वाटते. जुलियन स्वतः देशाबाहेर पळाला आणि १९३४ मध्ये शांघायला त्याने आत्महत्या केली.

दुपारी सिटी हॉल. १९२८ मध्ये पूर्ण झालेली ही पांढरी, ४५४ फूट उंचीची इमारत कित्येक दशके शहरात सर्वांत उंच होती, कारण इतर इमारतींना कायद्याने उंचीची मर्यादा होती. सत्ताविसाव्या मजल्यावरच्या सज्जात विनामूल्य जाता येते. खाली दिसणाऱ्या या शहराचा कारभार १९३३ मध्ये फ्रँक शॉ यांच्या हाती आला. महापौरांचे बंधू जो शॉ त्यांचे खासगी सचिव म्हणून याच इमारतीत बसत, आणि नोकऱ्या व बढत्या यांचे दर तिथे ठरतात अशी चर्चा बाहेर होती. जुगार, वेश्याव्यवसाय आणि पोलीस यांच्यातला हप्त्यांचा व्यवहार इतका रुळलेला होता की त्याला गुन्हा म्हणण्यापेक्षा कारभाराचीच एक शाखा म्हणणे योग्य ठरले असते. हा व्यवहार कसा उघडा पडला ते पाहणे हाच माझ्या प्रवासाचा मुख्य हेतू होता.

शनिवार : ब्रॉडवे आणि मध्यवर्ती ग्रंथालय

ब्रॉडवेवर सातव्या रस्त्याजवळ क्लिफ्टन्स नावाच्या जुन्या कॅफेटेरियाची इमारत आहे. मी गेले तेव्हा दार बंद होते. १९३५ मध्ये क्लिफर्ड क्लिंटन यांनी ही शाखा सुरू केली. आत रेडवूडच्या जंगलाचा देखावा, कृत्रिम धबधबा, आणि परवडेल तेवढेच पैसे द्यावेत असा नियम. मंदीच्या वर्षांत अनेकांनी इथे फुकट पोट भरले. क्लिंटन धर्मप्रसारकांच्या घरात वाढलेले होते. १९३७ मध्ये ते जिल्ह्याच्या ग्रँड ज्युरीवर, म्हणजे चौकशीचे अधिकार असलेल्या नागरिकांच्या मंडळावर, आले आणि त्यांनी जुगारअड्डे आणि पोलिसांचे लागेबांधे यांची चौकशी सुरू केली. ज्युरीतल्या बहुसंख्यांना ते नको होते, तेव्हा त्यांनी नागरिकांची स्वतंत्र समिती स्थापन केली.

त्यानंतर जे घडले ते कोणत्याही शहरातल्या तक्रारदाराला ओळखीचे वाटेल. आरोग्य निरीक्षक वारंवार येऊ लागले, करआकारणी अचानक वाढली, अन्नातून विषबाधा झाल्याचे खोटे दावे दाखल झाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये क्लिंटन यांच्या घरात बॉम्बस्फोट झाला. कुटुंब वाचले, क्लिंटन यांनीच प्रसिद्धीसाठी तो घडवला असावा, असे सुचवायलाही काही जण पुढे आले.

क्लिंटन यांच्या गटासाठी माहिती काढणारा खासगी गुप्तहेर म्हणजे हॅरी रेमंड. त्याचा पूर्वेतिहास वाचल्यावर कादंबरीतल्या एकांड्या, मनाने स्वच्छ नायकाची आठवण येत नाही. तो पूर्वी पोलिसांच्या जुगार आणि वेश्याव्यवसाय यांविरुद्धच्या पथकात होता आणि काही काळ सॅन डिएगोचा पोलीसप्रमुखही होता. १९२७ मध्ये कार्ल जेकबसन या भ्रष्टाचारविरोधी नगरसेवकाला एका बाईच्या घरी बोलावून खोट्या प्रकरणात अडकवण्यात आले. त्या कटाचा आरोप ज्यांच्यावर आला त्यांत रेमंडचेही नाव होते. शिक्षा कोणालाच झाली नाही. म्हणजे दहा वर्षांपूर्वी जे जाळे विणले जात होते त्याची वीण त्याला आतून ठाऊक होती. क्लिंटन यांच्यासारख्या सज्जनाला ती कधीच कळली नसती. रेमंडच्या हेतूंविषयी मी बराच विचार केला. पश्चात्ताप, जुने वैर की केवळ फी, याचा निवाडा कागदांवरून होत नाही, आणि झाला नाही तरी बिघडत नाही.

त्याच रस्त्यावर, थोडे उत्तरेला, १८९३ ची ब्रॅडबरी बिल्डिंग आहे. बाहेरून सामान्य, आत काचेच्या छतातून उतरणारा प्रकाश, नक्षीदार लोखंडी कठडे, उघड्या जाळीच्या लिफ्ट. गुप्तहेराचे कार्यालय असावे तर असेच, असे चित्रपटवाल्यांना वारंवार वाटले. पोलिसांच्याच गैरवर्तनाची चौकशी करणारा लॉस एंजेलिस पोलिसांचा विभाग बरीच वर्षे या इमारतीत होता, ही गोष्ट मात्र कोणा पटकथाकाराला सुचली नसती.

दुपार मध्यवर्ती ग्रंथालयात गेली. १९२६ च्या या वास्तूत १९८६ मध्ये आग लागून सुमारे चार लाख पुस्तके नष्ट झाली. त्या आगीचे कोडे अजून सुटलेले नाही. ग्रंथालयाच्या छायाचित्रसंग्रहात जुन्या वर्तमानपत्रांची चित्रे आहेत. पट्ट्यांनी गुंडाळलेला रेमंड रुग्णालयाच्या खाटेवर आहे, आणि दुसऱ्या चित्रात त्याच्यावरच्या १९३८ च्या बॉम्बहल्ल्यातला आरोपी, पोलीस कॅप्टन अर्ल कायनेट कोर्टात, नीट विंचरलेल्या केसांचा, व्यवस्थित कोटातला. दोघांपैकी पोलीस अधिकारी कोण असे विचारले तर कोणीही कायनेटकडे बोट दाखवील.

रविवार : बॉइल हाइट्स

नदीपलीकडचा बॉइल हाइट्स हा तेव्हाही कष्टकऱ्यांचा आणि स्थलांतरितांचा भाग होता, आजही आहे. बसमधून उतरून ऑर्म अ‍ॅव्हेन्यूवर चालत गेले. लहान घरे, पुढे कुंपण, मागे गॅरेज. लोक इथे राहतात, त्यामुळे मी कुठे रेंगाळले नाही आणि घराचा क्रमांकही लिहीत नाही.

१९३८ च्या सुरुवातीला रेमंड शॉ यांच्या १९३३ च्या निवडणूक प्रचाराला पैसा कोणी पुरवला याचा माग काढत होता आणि त्यासंबंधीच्या एका दाव्यात त्याची साक्ष व्हायची होती. पोलिसांचे गुप्तवार्ता पथक कॅप्टन कायनेटच्या हाताखाली होते. या पथकाने रेमंडच्या समोरचेच घर भाड्याने घेतले, त्याच्या टेलिफोनच्या तारेला तार जोडली आणि आठवडेच्या आठवडे पाळत ठेवली. रस्त्याची रुंदी पाहिल्यावर ती पाळत किती निर्लज्ज होती ते कळते: समोरच्या खिडकीतला माणूस कोणता कप घेऊन बसला आहे तेही दिसावे एवढेच अंतर. १४ जानेवारीच्या सकाळी रेमंडने गॅरेजमध्ये मोटारीचा स्टार्टर दाबला आणि त्याला जोडलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. शरीरात शंभराहून अधिक जखमा होऊनही तो जगला, आणि शुद्धीवर असतानाच त्याने वर्तमानपत्राच्या संपादकाला गाठून कायनेटचे नाव सांगितले.

इथून पुढे जे झाले त्यात गुप्तहेराचा वाटा जवळजवळ नाही. तो खाटेवर पडून होता. समोरच्या घरात कोण येत-जात होते हे शेजाऱ्यांनी पाहिले होते आणि त्यांनी ते न्यायालयात सांगितले. गुप्तपणे पाळत ठेवणाऱ्यांवर सगळ्या गल्लीची पाळत होती! पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस साक्षीला आले तेव्हा हे पथक टीकाकारांवर, राजकारण्यांवर, नागरिकांवर नजर ठेवते हे अधिकृतपणे बाहेर आले. कायनेटला खुनाच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा होऊन तो सॅन क्वेंटिनला गेला. सप्टेंबर १९३८ मध्ये मतदारांनी फ्रँक शॉ यांना परत बोलावले आणि न्यायाधीश फ्लेचर बॉवरन महापौर झाले. मुदतीपूर्वी अधिकाऱ्याला परत बोलावण्याची तरतूद या शहराने १९०३ मध्येच आपल्या सनदेत केली होती. या शहराच्या महापौरावर तिचा असा यशस्वी वापर प्रथमच झाला.

ऑर्म अ‍ॅव्हेन्यूवर या घटनेची पाटी मला दिसली नाही. बरिट रस्त्यावर न घडलेल्या खुनाला पाटी आहे आणि इथे घडलेल्या स्फोटाला नाही, याची खंत वाटावी की नाही हे मी ठरवू शकले नाही. राहणाऱ्यांच्या दृष्टीने नसलेलीच बरी.

सोमवार : सांता मोनिका

धक्क्याच्या टोकाला उभे राहिले की उपसागराची कमान उत्तरेला पॉइंट ड्यूमपर्यंत आणि दक्षिणेला पॉइंट व्हिसेंटेपर्यंत गेलेली दिसते. १९३८ मध्ये टोनी कॉर्नेरो याने किनाऱ्यापासून तीन मैलांच्या हद्दीबाहेर रेक्स नावाचे जुगाराचे जहाज नांगरले आणि इथून लहान बोटींनी गिऱ्हाईक नेऊ लागला. शहरातले अड्डे बंद होत असताना त्याचा धंदा तेजीत होता. राज्याचे महाधिवक्ता अर्ल वॉरन यांनी ऑगस्ट १९३९ मध्ये कारवाई केली तेव्हा कॉर्नेरोने पाण्याच्या नळांचे फवारे मारून अधिकाऱ्यांना आठवडाभराहून अधिक काळ जहाजावर चढू दिले नाही. अखेर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन मैल किनाऱ्यापासून मोजायचे नसून दोन भूशिरांना जोडणाऱ्या रेषेपासून मोजायचे आहेत असे ठरवले, आणि जहाज नकाशावरच राज्याच्या हद्दीत आले. पुन्हा एकदा निकाल लावला तो कागदाने.

उरला गाय मॅकॅफी. एके काळी तो लॉस एंजेलिस पोलिसांच्या जुगार आणि वेश्याव्यवसाय यांविरुद्धच्या पथकाचा प्रमुख होता आणि नंतर शहरातल्या जुगारातला मातब्बर. बॉवरन आल्यावर त्याने गाशा गुंडाळला आणि तो नेव्हाडात गेला, कारण तिथे १९३१ पासून जुगार कायदेशीर होता. लास व्हेगासच्या बाहेरच्या महामार्गावर त्याने एक क्लब विकत घेतला, आणि हॉलिवुडजवळच्या सनसेट स्ट्रिपच्या आठवणीने त्या उजाड रस्त्याला स्ट्रिप हे नाव दिले, असे सांगतात. लॉस एंजेलिसमध्ये जो हप्ते देऊन धंदा करत होता तो तिथे परवाना घेऊन प्रतिष्ठित व्यावसायिक झाला. रेमंडच्या हाती लागलेला धागा पुढे ओढायचा तर सांता मोनिकाहून उलट दिशेने, वाळवंटाकडे जावे लागेल. तेवढी रजा या वेळी शिल्लक नव्हती.